आठवड्यातला कोणता वार देणार?

दर वर्षी जूनच्या सुमारास मला दोन-तीन फोन हमखास येतात. कुणाची मुलं शिकायला बाहेरगावी गेलेली असतात, कुणी मेअखेरीस निवृत्त झालेलं असतं. थोडं इकडचं-तिकडचं बोलणं होतं आणि मग मूळ मुद्दा येतो, "काहीतरी समाजासाठी करायचंय. तुम्ही करता ना असलं काही? कुठे जाऊ ते सांगा." मी विचारते, "आठवड्यातला कोणता वार रिकामा आहे?" पलीकडे क्षणभर कुणी बोलत नाही. मग उत्तर येतं, "तसे सगळेच वार मोकळे आहेत." हे उत्तर ऐकलं की मला काळजी वाटते, कारण सोळा वर्षांपूर्वी मीही अगदी हेच म्हटलं होतं.

तेव्हा आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवरच्या वस्तीत एक संस्था मुलांसाठी अभ्यासवर्ग चालवायची. मी गेले, त्यांनी आनंदाने या म्हटलं आणि फारसं काही न विचारता शनिवार-रविवारचा वर्ग माझ्या हाती दिला. समाजमंदिराची खोली, तिसरी ते सातवीची चौदा मुलं. पहिले दोन महिने मी एक दिवस चुकवला नाही. अपूर्णांक शिकवायला घरून भाकरी करून न्यायची, तिचे पाव, अर्धे, पाऊण भाग करायचे आणि शेवटी सगळ्यांनी मिळून खायचे. मग नणंदेच्या मुलीचं लग्न आलं, पाठोपाठ दिवाळी, मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. प्रत्येक कारण खरं होतं. पण घरातली सगळी कार्यं शनिवार-रविवारीच येतात, हे वर्ग घेण्याआधी मला सुचायला हवं होतं. जानेवारीत माझं जाणं बंद पडलं. संस्थेला फोन करायचीही लाज वाटली, म्हणून केला नाही. मार्चमध्ये तिथल्या बालवाडीच्या ताई रस्त्यात भेटल्या. चौथीतली एक मुलगी पुढचे पाच-सहा शनिवार वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून समाजमंदिराच्या पायरीवर बसून राहायची, असं त्या म्हणाल्या. "बाई येतील," असं इतर मुलांना सांगायची.

ती पिशवी मी पाहिलेली नाही, पण ती माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पुढचं सगळं तिच्यामुळेच सांगते आहे.

तुम्हाला कोणत्या प्रश्नाची तळमळ आहे, हा विचार नंतर करा. आधी स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा आणि मागचे तीन महिने नीट पाहा. दुधाचे खाडे, गॅस आल्याची तारीख, लग्नं, बारशी, डॉक्टरांच्या वेळा, पाहुणे, सगळं तिथे लिहिलेलं असतं. तीन महिन्यांत ज्या वाराच्या ज्या वेळेला एकदाही काही आडवं आलं नाही, ती तुमची खरी रिकामी वेळ. ती बहुतेकदा दोन तासांपेक्षा जास्त नसते आणि बहुतेकदा आठवड्याच्या मधल्या वारी असते. माझी मंगळवारी साडेपाच ते साडेसात निघाली. जी निघेल तिच्यातलाही थोडा भाग हातचा राखून ठेवा आणि उरलेल्या वेळेत बसेल असंच काम शोधा. दोन तास कबूल करून वर्षभर दोनच तास देणाऱ्या माणसावर संस्थेला आपली आखणी करता येते. आठ तासांचं सांगून कधी आठ तर कधी शून्य देणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे तिला कळत नाही.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं नाव घेतलं की आपल्याला त्यांचं एवढं मोठं काम आठवतं. मला त्यांचं चालणं आठवतं. 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम सुरू झाला आणि काही वर्षांनी तो पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. कर्वे तेव्हा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. कॉलेजातलं काम आटोपून ते हिंगण्याची वाट पायी चालत, पावसाळ्यात चिखल तुडवत. नोकरी आणि संसार सांभाळून रोज किती चालायचं, हे त्या माणसाने ठरवलं होतं आणि ते पाळलं होतं. आपल्या वाट्याचं अंतर त्याहून पुष्कळ लहान असेल, पण ते आधी मोजून घ्यायला हवं.

वेळ हाती आली की कामांकडे वेगळ्या नजरेने पाहता येतं. काही कामं तारखेची असतात. वर्षातून थोड्या वेळा येतात, पण त्या दिवशी माणूस हवाच. रक्तदान हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं काम, आणि तेही विचार करून करण्यासारखं आहे. एखाद्या जयंतीला मंडपात शेकडो पिशव्या रक्त जमतं. पण रक्त पाच-सहा आठवड्यांपलीकडे टिकत नाही आणि त्यातल्या प्लेटलेट्स तर पाच दिवसांतच वाया जातात. मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला गेलेले, शिबिरं कमी, आणि रक्तपेढ्यांमध्ये दर वर्षी टंचाई. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. तेव्हा वय 18 ते 65 च्या दरम्यान, वजन किमान 45 किलो आणि हिमोग्लोबिन किमान 12.5 असेल, तर आपल्या तारखा अशा बसवा की एक वेळ मेमध्ये येईल. ज्यांना आठवड्याचा वार जमतच नाही, त्यांनी हे एवढंच नेमाने केलं तरी ते पूर्ण काम आहे, त्यात काही कमी नाही.

काही कामं हाकेची असतात. डोंगरात अडकलेल्यांना सोडवणारी गिर्यारोहकांची पथकं, साप पकडून जंगलात सोडणारे सर्पमित्र, पुराच्या वेळी बोटीवर जाणारे लोक. रात्री दोनला फोन वाजला तर उठून जाता येईल, अशी नोकरी आणि अशी तब्येत असेल तरच या वाटेला जा, आणि तेही आधी रीतसर शिकून. व्हिडिओ पाहून साप धरायला जाणाऱ्यांनी जीव गमावल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. किल्ल्यांवरच्या कामाचंही तसंच. प्लास्टिक गोळा करून खाली आणायला कुणाची हरकत नसते, पण ढासळलेल्या बांधकामाला पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय आणि जाणकाराशिवाय हात लावला तर प्रेमापोटी नुकसान होतं.

मला जे काम मिळालं ते मात्र मी शोधायला गेलेच नव्हते. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक लागतात, पुष्कळदा मिळत नाहीत, असं ऐकून मी एका वसतिगृहात गेले. अक्षर बरं आहे, लिहिण्याचा वेग आहे, हे आपलंच काम, अशा विचाराने. तिथल्या सरांनी माझं शिक्षण विचारलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही जास्त शिकलेल्या आहात." विद्यार्थी आपला लेखनिक स्वतः आणणार असेल, तर लेखनिकाचं शिक्षण त्याच्यापेक्षा एक पायरी कमी असावं, असं केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचना तेव्हा सांगत. बी.ए.च्या मुलाला बारावीचा लेखनिक चालायचा, एम.ए. झालेली बाई चालायची नाही. म्हणजे तिथे माझी गरज नव्हती, माझ्या अकरावीतल्या भाचीची होती. तिला मी पाठवलं. परीक्षेला ताशी किमान वीस मिनिटं जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास बसून दुसऱ्याच्या तोंडचं जसंच्या तसं लिहायचं. समोरचा चुकतोय हे दिसत असलं तरी हात थांबू द्यायचा नाही आणि चेहऱ्याने किंवा आवाजानेही सुचवायचं नाही. पहिल्या पेपरनंतर ती घरी आली ती गप्पच होती. मग म्हणाली, "मावशी, एका उत्तराला त्याने सन चुकीचा सांगितला आणि मला तो लिहावा लागला." तुमच्या घरात नववी-दहावीनंतरचं मूल असेल, तर त्याच्यापुढे हे काम जरूर ठेवा.

मला सरांनी दुसरं काम सांगितलं, वाचून दाखवण्याचं. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करणारा एक मुलगा होता. पहिल्या मंगळवारी मी वर्तमानपत्र, एक कथासंग्रह, असं बरंच काही घेऊन गेले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, पेपर मला फोन वाचून दाखवतो. तुम्ही हे वाचा." आणि त्याने सिनिअरच्या हाताने लिहिलेल्या नोट्सच्या झेरॉक्सचा गठ्ठा पुढे केला. ते अक्षर फोनला वाचता येत नव्हतं, मलाच जेमतेम येत होतं. तिथेच मला कळलं की काय हवंय हे त्याला विचारायचं असतं, घरून ठरवून न्यायचं नसतं.

पुस्तकातल्या आकृत्या ही आणखी मोठी अडचण. मागणीची रेषा तोंडाने कितीही सांगितली तरी हाताला काही लागत नाही. मी एक उपाय काढला. कागदाखाली जाड रबराचा तुकडा ठेवायचा आणि रिफिल संपलेल्या बॉलपेनने दाबून रेषा काढायची. कागद उलटा केला की रेषा उठून येते, बोटाला लागते. पहिल्याच आकृतीवर त्याने तर्जनी डावीकडून उजवीकडे फिरवली, पुन्हा फिरवली आणि म्हणाला, "ही तर वर चाललीये. ही पुरवठ्याची झाली." बरोबर होतं त्याचं. कागद उलटा केल्यावर डावं-उजवं बदलतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्यानंतर मी प्रत्येक आकृती आधी उलटी काढून, डोळे मिटून स्वतःच्या बोटाने तपासून मग त्याच्या हाती द्यायला लागले. डोळे मिटून तपासण्यात माझे कित्येक सोमवार गेले, आणि मंगळवारच्या दोन तासांमागे सोमवारचा एक तास धरायला हवा, हे मला तेव्हा समजलं. कुठलंही काम ठरवताना असा मागचा तास विचारून घ्या. शिकवणाऱ्याला तयारीचा, भेटी देणाऱ्याला प्रवासाचा, मन मोकळं करायला फोन करणाऱ्यांचं ऐकून घेणाऱ्याला नंतर स्वतः सावरायचा.

ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्यासाठी याच कामाची एक शाखा आहे. दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तक ध्वनिमुद्रित करायला किंवा त्यांना वापरता येईल अशा रूपात आणायला 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याची आडकाठी नाही. मात्र ते त्यांच्यापुरतंच राहायला हवं, व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना वाटायचं नाही. आवाज चांगला नसेल तर टंकलेखन करा, मुद्रितं तपासा. शुद्धलेखनाच्या चुका फोनचा आवाज जशाच्या तशा वाचतो आणि ऐकणारा अडखळतो, त्यामुळे चांगला मुद्रितशोधक इथे सोन्यासारखा आहे. परदेशातल्या मराठी माणसांना तर घराजवळच आठवड्याचं काम मिळू शकतं. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा सुट्टीच्या वारी भरतात आणि तिथे शिकवणारे आई-वडील बहुतेक स्वयंसेवकच असतात.

आपला स्वभाव कसा आहे, हे लोकांना विचारावं लागत नाही, पण मान्य करावं लागतं. अनोळखी माणसाशी दोन वाक्यं बोलताना ज्यांचा घसा कोरडा पडतो, असेही लोक वस्तीत फिरण्याचं काम अंगावर घेतात, कारण सेवा म्हणजे तेच, अशी त्यांची समजूत असते. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले. अबोल माणूस, आकड्यांत रमणारा. आता ते आठवड्यातून एकदा सकाळी एका मोठ्या सरकारी रुग्णालयात बसतात आणि नातेवाइकांचे कागद लावून देतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे तर शिधापत्रिका लागते, आधार लागतं, आणि एकीवर 'सुमनबाई' तर दुसऱ्यावर 'सुमन' असलं की खेड्यातून आलेला माणूस खिडकी-खिडकीला फिरत राहतो. मदतीला योजनेचे आरोग्यमित्र असतात, पण गर्दीला पुरत नाहीत. हे गृहस्थ फक्त कागद बघतात, कुठे काय कमी आहे ते चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहितात आणि कोणत्या खिडकीवर आधी जायचं त्या क्रमाने 1, 2, 3 असे आकडे घालतात. गोड बोलणं त्यांना जमत नाही आणि तिथे ते कुणी मागतही नाही. आयुष्यभर ज्या कामात हात बसला, तेच काम गरजूपर्यंत पोहोचवता येत असेल तर दुसरं शोधू नका.

तरुणांनी मात्र एवढ्यात फार ठरवून टाकू नये. महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे दोन वर्षांचे 240 तास अनेक जण प्रमाणपत्रापुरते भरतात, हे मला खरंच खटकतं, कारण चुकत-माकत स्वतःला ओळखायची एवढी मोकळी जागा पुन्हा मिळत नाही. बाबा आमटे यांनी सुरू केलेली मे महिन्यातली सोमनाथची श्रमसंस्कार छावणी, गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने 2006 मध्ये सुरू केलेला 'निर्माण' उपक्रम, अशा ठिकाणी जाऊन आधी पाहावं, ऐकावं, हाताला घट्टे पाडून घ्यावेत. जन्मभराचं वचन तिथे कुणी मागत नाही.

संस्था निवडताना पहिली भेट नुसती पाहण्यासाठी ठेवा. हातात काही नेऊ नका, आश्वासन देऊ नका. माझ्या आधी हे काम कोण करत होतं आणि त्यांनी का सोडलं, हे विचारा. मी एखाद्या दिवशी आले नाही तर कुणाचं काय अडेल, हेही विचारा. "काही नाही हो, सवडीने या," असं उत्तर आलं तर सावध व्हा. ज्या कामात आपण नसल्याने कुणाचं काही अडत नाही, तिथे आपणही टिकत नाही, असा माझा अनुभव आहे. सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, देणगीची पावती देतात का, हे विचारण्यात संकोच कसला?

आणि काम मुलांबरोबरचं असेल तर उलट बाजू तपासा. संस्थेने तुम्हाला काय विचारलं? ओळखपत्र, ओळखीच्या दोघांची नावं, पोलिस पडताळणी, मुलांबरोबर एकट्याने न थांबण्याचा नियम, फोटो न काढण्याचा नियम, यांतलं काहीच न विचारता तुम्हाला मुलांमध्ये सोडत असतील, तर ते इतर कुणालाही तसंच सोडत असणार. मला त्या वस्तीतल्या वर्गावर कुणी काही विचारलं नव्हतं, तेव्हा तो मला विश्वास वाटला होता. आज तसं वाटत नाही. बालगृहात जाऊन वाढदिवसाचा केक कापण्याबद्दलही माझं स्पष्ट मत आहे. त्या दिवशी आनंद होतो तो आपल्याला. एका रविवारी तीन-तीन पाहुण्यांसाठी गाणी म्हणणाऱ्या मुलांना त्या वेळेत कुणी गणित समजावलं असतं, तर बरं झालं असतं.

आपत्तीच्या वेळी तर हा संयम फारच हवा. 2019 च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे मदतीचे ट्रकच्या ट्रक निघाले तेव्हा मी आमच्या भागातल्या गोळा करण्याच्या केंद्रावर होते. फाटक्या साड्या, एकेकटे बूट, विटलेले स्वेटर उपसून बाजूला काढण्यात आमचे दोन दिवस गेले, आणि चिखल काढायला लागणारी घमेली, फावडी, फिनाइल फार थोडी आली. गरज काय आहे ते तिथल्या माणसाला फोन करून विचारा. आणि शक्य असेल तर महिन्याने जा. पाणी ओसरलं की गर्दीही ओसरते, पण घरं उभी करायची असतात आणि मुलांची वह्या-पुस्तकं तेव्हाच लागतात.

घरातल्यांशी आधी बोलून घ्या. घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजायला निघालात, असं कुणी म्हणणारच, आणि तसं म्हणणाऱ्याला नेहमी चूक ठरवू नका. मंगळवारी संध्याकाळी घरात कुकर कोण लावणार, हा खराखुरा प्रश्न आहे. आमच्याकडे तो यजमानांनी आणि मुलाने वाटून घेतला, म्हणून माझे मंगळवार टिकले. ते माझ्याइतकेच त्यांचेही आहेत.

पहिले तीन महिने बोलीवर ठेवा. संस्थेला तसं सांगा आणि तीन महिने झाले की बसून बोला. जमत नसेल तर तेव्हाच मोकळं व्हा, त्यात काही गैर नाही. गैर असतं ते न सांगता नाहीसं होणं. निदान महिनाभर आधी सांगा, आणि ज्याच्यासाठी जाता त्याला स्वतःच्या तोंडाने सांगा. काय कुठवर झालं ते वहीत लिहून द्या आणि जमलं तर पुढच्या माणसाला सोबत घेऊन एक-दोनदा जा.

गेल्या वर्षी गुडघ्याच्या दुखण्यामुळे मला वसतिगृहाचे दोन जिने चढणं कठीण झालं. तो पहिला मुलगा केव्हाच नोकरीला लागला होता आणि आता मी एका मुलीला वाचून दाखवत होते. तिला दीड महिना आधी सांगितलं. माझ्या जागी बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी एक तरुणी तयार झाली. शेवटच्या दोन मंगळवारी आम्ही दोघी मिळून गेलो. रबराचा तुकडा, रिफिल संपलेली पेनं आणि आकृत्या उलट्या काढून ठेवलेली वही मी तिच्याकडे दिली. तिने वाचायला सुरुवात केली तशी ती विद्यार्थिनी मान थोडी कलती करून ऐकत राहिली. पानभर झाल्यावर म्हणाली, "ताई, स्वल्पविरामाला जरा थांबत जा. आणि पुढच्या मंगळवारी साडेपाचलाच याल ना? सहाला खाली मेस सुरू होते, आवाज फार होतो."

तरुणीने फोन काढला आणि साडेपाचचा गजर लावून घेतला.